लेनी रस्क कुठून ऐकायला घ्यावा

बाजारातून आलेली मालन हातातल्या पिशवीसकट स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. आत तिचा नवरा भागोजी सोलकढीसाठी नारळाचं दूध पिळत उभा होता आणि नेहमीसारखी मान डोलावत होता. खिडकीजवळच्या फळीवर रेकॉर्ड फिरत होती, पण गाणं काही पुढे सरकत नव्हतं. सुई एकाच जागी अडकली होती आणि तो गोरा गायक तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, उचकी लागल्यासारखा. भागोजीची मान मात्र अख्ख्या गाण्यावर डोलत होती. मध्येच त्याने डोळे मिटले आणि न वाजलेल्या कुठल्याशा जागेला 'वा' म्हणून दाद दिली.

मालनने पिशवी खाली ठेवली, फळीपाशी जाऊन सुई उचलली आणि थोडी पुढे टेकवली. भागोजीची तिच्याकडे पाठ होती. गाणं थांबलेलं त्याला कळलं नाही आणि पुन्हा सुरू झालेलंही कळलं नाही. तो आपला पिळलेला चोथा वाटीत टाकून दुसरी मूठ घेत होता.

"आज काय झकास वाजली प्लेट!" दुपारी जेवायला बसल्यावर तो म्हणाला. रेकॉर्डला तो प्लेटच म्हणायचा.

मालनच्या पोटात काही राहत नसे. शेजारणीचं राहत नसे, नवऱ्याचं कुठून राहणार? "अवो, अडकली होती ती," ती म्हणाली. "तुमी कढी करत होतात ना, तेव्हा. मी सुई उचलली."

भागोजीने तिच्या तोंडाकडे बघत ते ऐकलं. हल्ली तो सगळं असंच, समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकायचा. मग त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"ह्या मशिनीत तुझा आवाज येतो," कानातल्या यंत्राला बोट लावून तो म्हणाला. "आपल्या निलेशचा येतो. गाणं नाय येत. गाणं लावलं की नुसती भांडी आपटल्यासारखी वाटतात. म्हणून मी गाण्याच्या वेळी मशीन काढूनच ठेवतो. प्लेट फिरताना दिसली की पुरे, बाकीचं माझं मला पाठ हाय."

"कधीपासनं?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"नि मला बोललात नाय?"

"बोलून काय तुझे कान लावणार होतीस मला?" असं म्हणून तो हसायला गेला, पण ते हसू काही नीट जमलं नाही.

भागोजी मूळचा राजापूरकडच्या नाटे गावचा. जन्मभर मालवाहू जहाजांवर खलाशांचा स्वयंपाकी होता. निवृत्तीनंतर दोघं रत्नागिरीत पेठकिल्ल्याच्या उतारावर छोटं घर घेऊन राहिली, आणि त्याने पहिल्याच दिवशी मालनला सांगून टाकलं की आजपासून चूल माझी. मालनला त्यात काही वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते त्या चुलीबरोबर आलेल्या लेनी रस्कचं.

हा लेनी रस्क म्हणजे रॉक अँड रोल गाणारा कुणी परदेशी माणूस. वारला त्यालाही बरीच वर्षं झाली. पठ्ठ्याने पन्नासच्या वर रेकॉर्डी काढल्या आणि त्यातल्या बहुतेक भागोजीच्या लोखंडी पेटीत येऊन बसल्या. दर सुट्टीला नवरा घरी यायचा तो ही पेटी आणि रेकॉर्ड वाजवायचं यंत्र घेऊन. इतर खलाशांच्या बायकांना त्यांचे नवरे काय काय गोष्टी सांगत. भागोजी मालनला लेनी रस्क लावून देई. ती त्याला बोंबल्या म्हणायची. "त्या बोंबल्याशीच लगीन लावायचं होतंत," असं ती एकदा रागाने म्हणाली, तर भागोजीने गंभीरपणे सांगितलं होतं, की त्याची तीन आधीच झालीत.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी फळीवर यंत्र नव्हतं. भागोजीने ते चादरीत गुंडाळून पेटीवर ठेवलं होतं. जेवणाला आमटीभात होता, तिसऱ्या दिवशीही आमटीभात. चौथ्या दिवशी मालनने बाजारातून चांगले फडफडीत बांगडे आणले तर तो म्हणाला, "तूच कर आज. मला कंटाळा आलाय." स्वयंपाकाचा कंटाळा आला, हे वाक्य त्याच्या तोंडून तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "तो पुण्याचा गृहस्थ आलावता ना गेल्या वर्षी, प्लेटी बघायला? निलेशकडे त्याचा नंबर असेल. त्याला सांग, येऊन घेऊन जा म्हणावं. फुकट. आयकणाऱ्याकडे तरी जातील."

 तिला नाट्याचा केरू आठवला, भागोजीचा चुलतभाऊ. त्याने होडी देऊन टाकली नि ओटीवर जाऊन बसला. काही आजार नव्हता, काही नाही. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, आणि पुढच्या शिमग्याला केरू नव्हता. हा माणूस आता तसाच बसणार, हे तिला स्पष्ट दिसलं. पेटी उंबऱ्याबाहेर गेली की तिच्यामागून भागोजीही जाणार, आज नाही तर वर्षाने.

"द्या की," ती त्याच्यासमोर बसून मोठ्याने म्हणाली. "पण देण्याआधी मला एकदा आयकवा. इतकी वर्षं ह्या मेल्याने माझ्या घरात बोंब मारलीन, तो काय बोलत होता ते तरी मला कळू दे. कुठनं सुरुवात करू सांगा."

"तू आयकणार?"

"मग काय शेजारीण आयकणार?"

भागोजीने तिच्याकडे संशयाने पाहिलं. संशय बरोबरच होता. मालनला लेनी रस्कशी काहीएक देणंघेणं नव्हतं, तिला तो पुण्याचा फोन लांबवायचा होता. पण विचारलेला प्रश्नच असा होता, की जन्मभर तो कुणीतरी विचारील म्हणून भागोजी थांबला असावा. तो उठला, पेटी ओढली आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

"पहिल्या प्लेटीपासनं सुरू करायचं नाय," तो म्हणाला. "सगळे तिथंच फसतात. पहिल्या दोन-तीन प्लेटींत तो दुसऱ्यासारखा गायलाय. कंपनीने सांगितलंन असं गा, असे केस ठेव, तसं त्याने केलंन. त्या मागाहून आयकायच्या, माणूस ओळखीचा झाला की. हसायला येतं तेव्हा."

"मग कुठली?"

"ही बघ, फोटोत पुलाखाली उभा हाय तो. इथं तो पहिल्यांदा आपल्या आवाजात गायलाय. ही कांद्याची प्लेट."

"कांद्याची म्हणजे?"

तेव्हा मालनला प्रथमच कळलं, की आपला नवरा जहाजावर लेनी रस्क ऐकत नसे, वापरत असे. जहाजाच्या स्वयंपाकघरात घड्याळ होतं, पण वाफेने त्याची काच कायम धुरकट. भागोजीने सगळी कामं रेकॉर्डींवर बसवली होती. सकाळी पोतंभर कांदा चिरायचा तर पुलाखालची. तिच्यातली गाणी अशी धावती, की हात आपोआप चालतो आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला वेळ मिळत नाही. मासे तळायचे तर लाल जॅकेटातली, कारण तिच्यात सगळी गाणी आखूड. गाणं संपलं की तुकडा उलटायचा. भाताला निळी. तिची एक बाजू संपली की भात उतरवायचा, झाकण उघडून बघायचीसुद्धा गरज नाही.

"नि ही चर्चमधली," त्याने मेणबत्त्यांचं चित्र असलेली एक काढली. "मध्ये काही वर्षं तो देवाच्या नादी लागलावता. ही वादळाची."

"वादळात वाजवायची?"

"वादळात कुठली वाजतेय? सुई उडते. वादळात प्लेट लावायची नाय, म्हणून ही तोंडपाठ पायजे. एकदा बिस्केच्या समुद्रात लाटा अशा उठल्या की भांडी दोरीने बांधून ठेवलीवती. सगळे आपापल्या खोल्यांत आडवे. मी कमरेला दोरी लावून पेज ढवळत होतो नि ही अख्खी प्लेट मोठमोठ्याने गायलो, पहिल्या बाजूपासनं दुसऱ्या बाजूपर्यंत. भीती वाटायची थांबली. चार माणसांनी पेज खाल्लीन त्या रात्री."

ही गोष्ट त्याने तिला आजवर सांगितली नव्हती. त्या वर्षी निलेश तान्हा होता, आणि बिस्के का काय ते मालनला नकाशातही दाखवता आलं नसतं. नारळीपौर्णिमेला ती दर वर्षी नवऱ्यासाठी समुद्राला नारळ द्यायची. त्या संध्याकाळी तिने देवापुढे एक नारळ ठेवला आणि मनात म्हणाली, हा त्या बोंबल्याच्या नावाने. आपण गावात बसून देवाला सांगत होतो तेव्हा तिकडे प्रत्यक्ष सोबतीला तोच होता. दुसऱ्या दिवशी तोच नारळ तिने भागोजीपुढे ठेवला, आणि त्याने बऱ्याच दिवसांनी तिरफळं घालून बांगड्याचं कालवण केलं.

मग रोज सकाळी लेनी रस्क वाजू लागला. भागोजी रेकॉर्ड निवडायचा, मालन सुई टेकवायची. तो चुलीपाशी आणि ती विळी घेऊन पाटावर. पेटीतला मार्ग त्याने मनाशी आखला होता आणि त्यात तो तिला इकडेतिकडे होऊ देत नसे. बंदरावरच्या जत्रेत लोकांसमोर गायलेली रेकॉर्ड आधी नाही, ती चार-पाच प्लेटी झाल्यावरच, कारण लोक कुठे ओरडतात ते आधी आपल्याला ठाऊक पाहिजे. आणि घोड्यावर बसलेला दिसला की ती रेकॉर्ड घ्यायचीच नाही.

"घोड्याने काय केलंन?"

"घोड्याने काय नाय केलंन. कंपनीशी करार होता, वर्षाला दोन प्लेटी. गाणी संपली की तो घोड्यावर बसून फोटो काढायचा नि काय वाट्टेल ते गायचा."

"मग कशाला काढायचा एवढ्या? थोडक्या नि चांगल्या काढायच्या."

भागोजीने पळी कढईत टेकवली. "मी रोज जेवण केलं ना गो," तो म्हणाला. "रोज चांगलं झालं काय? कितीदा तरी बिघडलं. पण माणसं जेवायला बसलीवती, करायलाच लागायचं. तोही तसाच. म्हणून मला तो आवडतो. मूड लागला तर गाईन असं म्हटलंन नाय त्याने कधी."

मालनने विळीवरून मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. एवढं लांबलचक तो तिच्याशी कधी बोलला होता, ते तिला आठवेना.

एक अडचण मात्र रोज यायची. भागोजी मध्येच विचारायचा, "आता ढोल थांबला ना? नुसती गिटार?" आणि मालन म्हणायची, "नाय अजून." मग थोड्या वेळाने ढोल थांबायचा. कुठल्याही गाण्यात तो तिच्या पुढेच असायचा. तो टाळी द्यायचा तिथे लेनी रस्क अजून दोन ओळी मागे. आणि निळ्या रेकॉर्डीची बाजू संपली म्हणून उतरवलेला भात रोज गिच्च. तसा तो पहिल्या सुट्टीपासून गिच्चच व्हायचा, आणि त्यावरून भागोजीचं तांदूळवाल्याशी भांडणही होऊन गेलं होतं.

"करंट कमी," भागोजीचं उत्तर ठरलेलं असे. "जहाजावर बघ कसा सुसाट पळायचा. घरी आणला की दमतो. नाट्यातही तेच, इथंही तेच." ह्या कमी करंटासाठी त्याने एके काळी भला मोठा स्टॅबिलायझर विकत आणला होता. तो अजून फळीखाली दिवा लावून गुणगुणत बसलेला असे आणि लेनी रस्क तेवढ्याच वेगाने गात राही.

पेटीच्या तळाशी एक राखाडी रेकॉर्ड होती. वर फोटो नाही, काही नाही. ती भागोजीने दुपारची भांडी झाल्यावर काढली.

"हिच्यावर काय शिजवायचं नाय," तो म्हणाला.

"का?"

"करपतं. माणूस आयकतच बसतो. त्याची दुसरी बायको सोडून गेली तेव्हाची ही. ह्यात एक गाणं हाय, त्यात तो म्हणतो, सकाळी मी अजून दोन कप काढतो. एक परत ठेवतो. परत ठेवताना आवाज होऊ देत नाय, कुणाला कळायला नको म्हणून."

मालनने सुई टेकवली आणि भिंतीला पाठ लावून बसली. इंग्रजी तिला कळत नव्हतं. पण कपाचं गाणं कुठलं ते कुणी सांगावं लागलं नाही. त्या गाण्यात लेनी रस्क बोंब मारत नव्हता. तो सावकाश, खालच्या आवाजात, एकेक शब्द ठेवत चालला होता.

नवरा जहाजावर गेला की पहिले काही दिवस मालन दोघांचा भात टाकायची. मग लक्षात आलं की उरलेला भात गुपचूप गाईला घालून यायची. सासू बघेल, हसेल, म्हणून मागच्या दाराने. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बहिणीला नाही, भागोजीला तर नाहीच. आणि सात समुद्रांपलीकडचा हा मेला, ज्याला तिने उभ्या जन्मात एक बरा शब्द दिला नाही, तो तिच्याच स्वयंपाकघरात बसून तिचंच गाऱ्हाणं गात होता. तिला रडू आलं, आणि रडताना बरंही वाटलं.

भागोजीने ते पाहिलं. "काय झालं गो?"

तेव्हा तिने त्याला भाताचं सांगितलं. मागच्या दाराचं, गाईचं, सगळं. त्याला नीट कळावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे ते शेजारीही गेलं असणार, पण आता तिला त्याचं काही नव्हतं. भागोजी सरकून तिच्याजवळ बसला. मग त्याने विचारलं, "आवाज कसा लागला तुला त्याचा?"

"खोल. दमलेल्या माणसाचा. म्हातारा होत आलेला."

"म्हातारा? नाय गो," तो म्हणाला. "पोरासारखा आवाज हाय त्याचा. पातळ नि तरतरीत. हे गाणंसुद्धा तो पोरासारखंच गातो, म्हणून तर जास्त लागतं."

"मी काय बहिरी हाय?" मालन म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. पण भागोजी हसला.

रविवारी निलेश आला. त्यांचा हा एकुलता मुलगा लोट्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. सुट्टीला आई-बापाकडे यायचा आणि आल्या आल्या घरातले बंद पडलेले दिवे, मिक्सर, पंखे शोधत फिरायचा. मालनने त्याच्या हातात चहा देऊन सांगितलं, "आप्पांचं ते मशीन बघ जरा. स्लो वाजतं. प्रत्येक गाण्यात मागे पडतं."

निलेशने रेकॉर्ड उतरवली, यंत्र उलटं केलं आणि बुडाशी लावलेली पत्र्याची पट्टी पुसून वाचली.

"आप्पा, हे कुठनं घेतलंवतंत?"

"अँटवर्पला. जुन्या सामानाच्या दुकानात. आत एक प्लेट राहिलीवती, तीच लेनी रस्कची. तिथनं तर सगळं सुरू झालं."

"तरीच," निलेश म्हणाला. "मशीन स्लो नाय वाजत. बरोबर वाजतंय. ह्याची मोटार करंट कमी-जास्त झाला म्हणून हळू-जोरात होत नाय. ती सायकलवर फिरते, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्यावर. युरोपात पन्नास सायकल, आपल्याकडेही पन्नास, म्हणून इथं बरोबर. जहाजावर साठ असतात. तिकडं ती सगळी वर्षं जोरात फिरत होती. आवाजही बारीक होतो त्याने, पोरासारखा." मग स्टॅबिलायझरकडे लक्ष गेलं आणि त्याला हसू आवरेना. "नि हा कशाला? हा नुसता वीज खातोय इतकी वर्षं!"

मालनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे भात!" ती ओरडली. "अवो, म्हणून तुमचा भात घरी गिच्च व्हायचा! जहाजावर बाजू लवकर संपायची! तांदूळवाल्याला उगाच शिव्या घातल्यात!"

दोघं मायलेक पोट धरून हसत होती. हसता हसता मालनचं लक्ष भागोजीकडे गेलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. त्याने निलेशचा शब्दन् शब्द ऐकला होता, ओठांवर नजर ठेवून. आता तो त्या पत्र्याच्या पट्टीकडे बघत होता.

"बंदरातल्या बारमध्येही तो असाच हळू वाजायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, त्यांची मशिनं जुनी." मग म्हणाला, "म्हणजे मी त्याला कधी आयकलाच नाय."

"तसं नाय आप्पा—" निलेशने सुरुवात केली, पण भागोजीने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं होतं. तो मागच्या पडवीत जाऊन बसला आणि संध्याकाळी निलेश लोट्याला निघाला तेव्हा नुसता हात हलवला. निलेशला दारापर्यंत सोडताना मालनने त्याला असं काही झापलं, की चाळिशीचा बाप्या खाली मान घालून बसस्टँडकडे गेला. झापताना तिला कळत होतं, की मशीन बघ म्हणून आपणच सांगितलं होतं.

रात्री मालन नवऱ्याच्या पाठीकडे बघत जागी राहिली. कान गेले तरी त्याच्याकडे त्याचा लेनी रस्क होता, पाठ केलेला, पूर्ण. आता तोही चुकीचा निघाला. आणि खऱ्या वेगातला ऐकायला कान नाहीत. देवाने दोन्ही बाजूंनी दार लावून घ्यावं तसं झालं होतं, आणि ते लावायला तिनेच हात लावला होता.

सकाळी तिला जाग आली ती कांद्याच्या वासाने. भागोजी स्वयंपाकघरात होता. कानात यंत्र होतं. फळीवरच्या यंत्रावर रेकॉर्ड नव्हती, पण त्याचा हात सुरीवर भराभर चालला होता.

"मालन, मी हिशोब केला," ती दारात दिसताच तो म्हणाला. "जहाजावर जोरात पळायचा. म्हणजे तुमच्या पाच गाण्यांच्या वेळात मला सहा मिळायची. खरं ना?"

"असेल."

"जगात कुणाला एवढा लेनी रस्क मिळाला नसेल. त्याच्या बायकांनासुद्धा नाय." तो हसला, आणि ह्या वेळी ते हसू चांगलं जमलं. "सकाळची ड्यूटी कशी झटकन सरायची, मला कळायचं नाय. बाकीचे म्हणायचे, भागोजी, तुला कंटाळा कसा येत नाय रे? त्याने मला ढकलत ढकलत घरापर्यंत आणून सोडलंन गो. हळू गायला असता तर मी मध्येच कुठेतरी उतरलो असतो." त्याने सुरी खाली ठेवली. "माझी त्याच्याविषयी काय तक्रार नाय. उपकारच हायत त्याचे."

मालन आत आली. तिने उरलेला कांदा आपल्याकडे ओढला.

"त्या पुण्याच्या गृहस्थाला मात्र कळव, प्लेटी मिळणार नायत म्हणून. माझा झाला आयकून. तुझा अजून अर्धा राहिलाय." मग पदार्थाची चव विचारावी तसं त्याने विचारलं, "तो कपाचं गाणं खरा कसा गातो?"

"मी कशी सांगू? मला कुठं गाता येतं?"

"बघ तरी."

तिने राखाडी रेकॉर्ड लावली. तो टेबलापाशी येऊन बसला. ती त्याच्या बाजूला बसली, त्याचा उजवा हात ओढून टेबलावर पालथा ठेवला आणि गाणं सुरू झालं तसा तर्जनीने त्याच्या मनगटाजवळ ठेका धरला. कांदा चिरून चिरून राठ झालेला तो हात होता. क्षणभरातच त्याचं बोट टेबलावर वाजू लागलं, सवयीने, तिच्या पुढे पळत. तिने त्याचं मनगट दाबून धरलं. ते थांबलं, पुन्हा पळालं. तिने पुन्हा धरलं.

"असा चालतो?" तो म्हणाला.

"असाच."

हळूहळू त्याचं बोट तिच्या बोटामागून येऊ लागलं. एका जागी मालनचं बोट वरच राहिलं. भागोजीने तिच्याकडे पाहिलं.

"इथं श्वास घेतो तो," ती म्हणाली. "आयकायला येतो."

"इथं थांबतो?"

"थांबतो. मग कपाचं बोलतो."

"मला नाय कधी मिळाला हा," भागोजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो लहान मुलासारखा तिच्या बोटाकडे बघत होता. त्याने आपलं बोटही वर उचलून धरलं. तिचं खाली येईपर्यंत त्याने ते टेकवलं नाही.